खोक्यात न मिळालेली विमानं

पुण्यात ज्या घरांना विमानांचा नाद होता, त्या घरांतल्या आमच्या पिढीला एक गोष्ट फार लवकर कळली. आपल्या डोक्यावरून जातं ते विमान दुकानात मिळत नाही. १९७० च्या दशकात मुंबईहून येणारा एखादा पाहुणा प्लॅस्टिकच्या विमानाचं खोकं घेऊन यायचा. झाकणावर धुराचे लोट आणि आत स्पिटफायर. पुढच्या खेपेला मेसरश्मिट. ती आम्ही जोडली, मनापासून जोडली. पण आम्हाला हवं होतं ते लोहगावच्या वायुदल तळाच्या बाजूनं घरघरत येणारं कॅनबेरा. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबरला पुरून उरलेलं नॅट हवं होतं. आणि सगळ्यात जास्त हवं होतं ते मारुत, कारण ते बंगलोरला बनलेलं, आपलं होतं.

नॅटचं खोकं मिळायचं, पण ते ब्रिटिश कसरत-पथकाचं, दोन बैठकींचं, लाल रंगाचं प्रशिक्षण विमान. आपल्या वायुदलाचं नॅट एकाच वैमानिकाचं आणि त्याहून लहान. पंख वेगळे, शेपूट वेगळी, नाक वेगळं. एकाचं दुसरं करायचं म्हटलं तर जवळजवळ सगळंच कापून पुन्हा घडवावं लागतं. ओझरला विमानं बनवणाऱ्या एचएएलच्या कॉलनीत आमची मावशी राहायची. तिच्या मुलांचं नशीब बरं होतं. त्यांच्या अंगणावरून मिग-२१ जायचं आणि मिग-२१ जगभर सगळ्यांना माहीत असल्यामुळं त्याची खोकीही निघत. आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा.

खोक्यात मिळणाऱ्या किटसाठी पोलादाची डाय कोरावी लागते. ती इतकी महाग पडते की हजारो खोकी खपल्याशिवाय खर्च निघत नाही. त्यामुळं कारखानदार तेच विमान निवडतो, जे लंडन, न्यूयॉर्क, टोकियोतल्या मुलाला आधीच ठाऊक आहे. एकूण १४७ नग बनलेल्या मारुतसारख्या भारतीय विमानासाठी पोलाद कोण कोरणार? पण त्या देशांतही खोक्याबाहेर राहिलेली विमानं होतीच आणि त्यांच्या वेड्यांनी दोन वाटा काढल्या होत्या. तापवलेली प्लॅस्टिकची शीट ठोकळ्यावर टाकून खालून हवा ओढून घ्यायची, म्हणजे ठोकळ्याचा आकार शीटला येतो. किंवा रबराच्या साच्यात रेझिन ओतायचं. दोन्हीला पोलाद लागत नाही. लाकडाचा ठोकळा पुरतो.

आणि लाकडाचे ठोकळे करणारा माणूस आमच्या घरातच होता.

धाकटे काका एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामात वाळूमध्ये जी पोकळी करायची, तिचा लाकडी नमुना बनवणं हे त्यांचं काम. रंधा, पटाशी, कानस ही त्यांची हत्यारं, आणि शिवाय एक विशेष पट्टी. बीड थंड होताना फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आकसतं. म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढा मोठा असतो. नमुना मोठा करायचा, म्हणजे ओतीव नग बरोबर मापाचा निघतो. विमानाच्या ठोकळ्याला हे गणित उलटं करावं लागलं. शीट ठोकळ्याच्या वरून बसते, म्हणजे तिची जाडी सगळीकडून मापात भर घालते. एक मिलिमीटरची शीट वापरायची तर ठोकळा चहूबाजूंनी एक मिलिमीटर लहान हवा. काकांनी हे पहिल्याच रात्री कागदावर मांडून दाखवलं. आम्ही पोरं सभोवती बसलो होतो आणि आजोबा पलंगावरून म्हणाले, "म्हणजे कारखान्यात वाढवायचं नि घरी घटवायचं!" ते वाक्य पुढं घरात कायम राहिलं.

पहिलं विमान मारुतच घ्यायचं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. एचएफ-२४ मारुत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं फोके-वुल्फ १९० रचणारे कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगलोरला आले आणि त्यांच्या हाताखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमधल्या लोकांनी हे लढाऊ जेट रचलं. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. ब्रिस्टलची दोन ऑर्फियस इंजिनं शेजारी-शेजारी, मागं झुकलेले पंख, बाणासारखं लांब नाक. त्याला हवं तसं ताकदवान इंजिन मात्र आपल्याला कधीच मिळालं नाही. ध्वनीच्या वेगापलीकडं जाण्यासाठी रचलेलं ते देखणं विमान त्या वेगाला नीट पोचलंच नाही. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुत लढली आणि शेवटी ती सगळी निवृत्त झाली. आमच्या घरात या विमानाबद्दल बोलताना आवाज थोडा बदलायचा. आजही बदलतो.

मापं काढली. बहात्तरास एक हे प्रमाण, म्हणजे सहा फुटांचा माणूस एक इंचाचा. मारुतच्या पंखांचा विस्तार ९ मीटर, लांबी १५.८७ मीटर. तेव्हा आमचं मारुत साडेबारा सेंटिमीटर रुंद आणि बावीस सेंटिमीटर लांब होणार. आराखडा मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवर विकायला असलेल्या जुन्या इंग्रजी मासिकातला. दादा कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता. त्यानं तो आराखडा ग्राफपेपरवर चौकोन मोजत मोठा केला. त्या वेळी मोठं करून देणारं झेरॉक्स यंत्र आमच्या ओळखीच्या कुठल्याच दुकानात नव्हतं.

मारुतचं धड मध्ये आत गेलेलं आहे. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पंख जिथं जोडतात तिथं धडाची जाडी घटवलेली असते. हाच भाग लाकडात सर्वांत अवघड. काकांनी सागाचा तुकडा घेतला. ठिकठिकाणच्या छेदांचे आकार पत्र्यातून कापले आणि प्रत्येक ठिकाणी पत्रा लावून, उजेडाकडं धरून, फट दिसते का ते पाहत तासत गेले. धडाचा डावा अर्धा, उजवा अर्धा, पंखांची वरची आणि खालची बाजू. ठोकळ्यावर कुठंही आत वळलेली कड नको, नाहीतर शीट त्याला घट्ट धरून बसते आणि सुटत नाही. मारुतच्या दोन बाजूंना हवा आत घेणारी अर्धगोल तोंडं आहेत आणि त्यांत अर्धे शंकू बसवलेले आहेत. ती तोंडं शीटमध्ये निघणारच नाहीत, हे काकांनी लाकडाला हात लावण्याआधीच सांगितलं. ती पुढं रेझिनमध्ये केली. मोठ्या, पोकळ, पातळ अंगाला शीट. लहान, भरीव, कोरीव भागाला रेझिन. कामाची ही वाटणी नंतर प्रत्येक विमानाला लागू पडली.

हवा ओढणारी पेटी दादानं केली. वरच्या फळीला बारीक भोकं, खाली नळी, सांध्यांना मेण. सुरुवातीला हवा ओढायला सायकलचा पंप होता, आतला चामड्याचा वायसर उलटा बसवलेला, म्हणजे पंप हवा भरायच्या ऐवजी खेचतो. त्यानं लहान पंख निघायचे. पण मारुतच्या धडाला तो पुरेना. मग जुन्या बाजारात फ्रिजचा टाकून दिलेला कॉम्प्रेसर मिळाला. मंगळवार पेठेतला तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरायचा आणि आमच्या घरातली निम्मी यंत्रसामग्री तिथूनच आलेली. हवा खेचण्याच्या कामाला फ्रिजचा कॉम्प्रेसर फार चांगला. शीट रविवार पेठेतून आणायची, पांढरी हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनची. फ्रिजच्या आतल्या बाजूला असते त्याच जातीची.

आणि मग स्वयंपाकघर लागायचं, कारण विजेची शेगडी तिथं होती.

आईची परवानगी दुपारची. "भावजी, चारच्या आत शेगडी मोकळी हवी मला," असं ती काकांना सांगायची आणि स्वतः मात्र तिथंच उभी राहायची. लाकडी चौकटीत आवळलेली शीट तापलेल्या वेटोळ्यावर धरली की आधी तिच्यावर लाटा उठतात, मग ती ताणून सपाट होते आणि नंतर मधोमध झोळ धरू लागते. तो झोळ नेमका किती पडला की चौकट ठोकळ्यावर दाबायची, यात सगळी विद्या आहे. लवकर दाबली तर कोपरे बसत नाहीत. उशीर झाला तर शीट पातळ होऊन फाटते किंवा ठोकळ्याभोवती चुण्या पडतात. काका घड्याळ लावून बघायचे, दादा बोट लावून बघायचा. पण ती वेळ खरी ओळखली आईनं. जन्मभर एकतारी आणि दोनतारी पाक नजरेनं ओळखणाऱ्या बाईला शीटचा झोळ नजरेनं कळला. ती "आता" म्हणायची आणि काका दाबायचे. कॉम्प्रेसर घुमायचा आणि डोळ्यांदेखत पांढऱ्या शीटमधून मारुतचं अंग वर यायचं. आजूबाजूची मुलं खिडकीत जमलेली असायची. त्या क्षणासाठी आम्ही शाळेतून धावत यायचो.

शीटमधून भाग सोडवणं हे सगळ्यांत चिकाटीचं काम, आणि ते ताईचं. ठोकळ्याच्या कडेनं बारीक पेन्सिलीची रेघ ओढायची. मग दाढीच्या ब्लेडनं रेघेबाहेर, ब्लेड तिरपं धरून, हलक्या हातानं दोनतीनदा चिरायचं. आरपार कापायचं नाही. वाकवलं की शीट त्या चिरेवर मोडते. मग जाड काचेवर वॉटर पेपर पसरून, पाण्याचा हात लावून, भाग गोल-गोल घासायचा. भागाला पाठीमागून चिकटपट्टीची मूठ करायची म्हणजे पकड मिळते आणि दाब एकसारखा राहतो. शीटच्या जाडीइतकी कड घासून गेली पाहिजे. रेघ दिसेनाशी झाली की थांबायचं. एक फटकारा जास्त झाला तर धड अरुंद होतं आणि दोन अर्धे एकमेकांना जुळत नाहीत. पंखांची मागची कड आतून घासून कागदासारखी पातळ करावी लागते, नाहीतर विमान बोजड दिसतं. ताई रेडिओ लावून तासन् तास हे करायची. तिच्या हातचे दोन अर्धे जुळवले की उजेडाला धरूनही फट दिसायची नाही. पुढं ती बँकेत नोकरीला लागली, पण जे लोक तिला ओळखत होते ते अजूनही आधी तिच्या घासकामाबद्दल बोलतात.

जोडायच्या आधी आतून शीटच्याच पट्ट्या लावायच्या, म्हणजे सांध्याला आधार मिळतो, आणि मध्ये आडवे पडदे, म्हणजे धड दबत नाही. नाकात एअरगनचे छर्रे, नाहीतर तीन चाकांचं विमान शेपटीवर बसतं. जोडायला क्लोरोफॉर्म, अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या करणारा एक ओळखीचा कारागीर बाटलीत थोडं द्यायचा. ब्रशनं सांध्यावर सोडलं की ते आपोआप फटीत ओढलं जातं आणि प्लॅस्टिक प्लॅस्टिकला विरघळून चिकटतं. खिडक्या सताड उघड्या ठेवून, आणि लहानांनी त्या खोलीत यायचं नाही, हा आईचा नियम. राहिलेल्या फटींत लांबी भरायची, मोटार रंगवणारे वापरतात तीच. मग पुन्हा वॉटर पेपर.

कॉकपिटची काच करायला शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण. त्या काळी चांगला शर्ट पारदर्शक झाकणाच्या खोक्यात यायचा आणि लग्नसराईत आम्ही पाहुण्यांकडून ती झाकणं मागून घ्यायचो. प्लायवूडला काचेच्या आकाराचं भोक पाडायचं, त्यावर झाकणाचा तुकडा ताणून बसवायचा, तापवायचा, आणि वरून लाकडाचा घोटीव ठोकळा भोकात दाबायचा. काच निघते. ठोकळ्यावर कानशीचा एक ओरखडा राहिला तर तो काचेत दिसतो, म्हणून काका तो ठोकळा धोतराच्या मऊ तुकड्यानं घासून चमकवत बसायचे.

आत्याचा विषय वेगळाच. तिचं शिवणकाम चांगलं होतं आणि कापडावर खुणा करायचं दातेरी ट्रेसिंग व्हील तिच्याकडं होतं. ते शीटवर पट्टी लावून फिरवलं की रिव्हेटांच्या ठिपक्यांची ओळ उमटते. बहात्तराच्या प्रमाणात ते ठिपके खरं तर मोठेच, पण मारुतच्या अंगावर ती ओळ आली आणि सगळं विमान एकदम खरं वाटलं. वायुदलाची वर्तुळंही तिचीच. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. चार-पाच मिलिमीटरच्या वर्तुळात तिन्ही रंग, कंपासपेटीतल्या शाईच्या पेननं, हात न कापता. अंगाला खिडकीच्या गजांचा सिल्व्हर पेंट, डबा न हलवता वर तरंगणारा पातळ थर तेवढा काढून.

गणपतीच्या देखाव्यात मारुत बसलं तेव्हा सगळी आळी पाहायला आली. पुढं दरवर्षी एक नवं विमान असा पायंडाच पडला. एका वर्षी कॅनबेराचा देखावा होता: पुण्याची धावपट्टी, १८ डिसेंबर १९६१ ची पहाट. गोवामुक्तीच्या त्या दिवशी १२ कॅनबेरा विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली इथून उडाली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. आजोबा त्या सकाळच्या आवाजाबद्दल सांगायचे आणि मुलांना ते ऐकताना देखाव्यातली विमानं हलतात असं वाटायचं. ते कॅनबेरा खोक्यातलंच होतं, पण खोक्यातल्याची वैमानिकाची काच गोल घुमटीची. आपल्या बी(आय)-५८ ची काच लढाऊ विमानासारखी, आणि तीही मध्यभागी नाही, डावीकडं सरकलेली. नाकाचा सगळा पुढचा भाग कापून शीटचा नवा केला. पाहणाऱ्यांपैकी एकानंच तो फरक ओळखला. ते लोहगावहून निवृत्त झालेले एक सार्जंट होते. देखाव्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले, आणि प्रसाद घेताना काकांना एवढंच म्हणाले, "काच बरोबर केलीत."

रेझिनची वाट आमच्याकडं पेणहून आली असं म्हटलं तरी चालेल. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तींचे साचे रबराचे असतात. मूळ मूर्तीवर रबराचं दूध ब्रशनं थरावर थर लावायचं, मध्ये मलमलीची पट्टी, वाळलं की बाहेरून प्लॅस्टरचं कवच. रबर वाकतं, म्हणून सोंडेसारखे आत वळलेले आकारही साच्यातून अलगद सुटतात. काकांनी तिथल्या एका मूर्तिकाराकडं हे पाहिलं आणि मारुतच्या हवेच्या तोंडांचा प्रश्न सुटला. शीट जिथं अडकते तिथं रबर सुटतं. चाकं, वैमानिकाची खुर्ची, अर्धे शंकू, इंजिनांची मागची नळकांडी असे सगळे बारीक भाग रबरी साच्यांत गेले.

रेझिन फायबरग्लासचं, पॉलिएस्टर. रिक्षांचे टप आणि पाण्याच्या टाक्या करणाऱ्यांकडं मिळायचं. त्याला दोन गोष्टी लागतात, जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखं दिसणारं हार्डनर. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मग हार्डनर. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. काकांनी एक बाटली गच्चीवरच्या कपाटात आणि दुसरी जिन्याखाली ठेवली होती. दोन्ही एकाच वेळी हातात घ्यायला घरात कुणालाच मुभा नव्हती. आज हे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली हीच गोष्ट सांगतो. दुसरी अशी की रेझिन कोरडं घासायचं नाही, पाण्याखाली घासायचं. त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. आणि ओलं रेझिन पॉलिस्टायरीनला खातं, म्हणून पूर्ण कडक झाल्याशिवाय ते शीटला लावायचं नाही. लावायचंही अ‍ॅराल्डाइटनं, कारण शीट जोडणारं क्लोरोफॉर्म रेझिनला धरत नाही.

ओतलेल्या भागात हवेचे बुडबुडे राहायचे. चाकाच्या कडेला भोक, खुर्चीच्या खांद्याला भोक. साचा टेबलावर हळूहळू ठोकत राहिलं की बरेचसे वर येतात. उरलेले सुईच्या टोकानं लांबी घालून भरायचे. हे काम धाकट्यांचं, म्हणजे माझं आणि चुलतबहिणीचं.

मारुतनंतर आमच्या घरात एक नाव फार आदरानं घेतलं जाऊ लागलं. डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हासूरचे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडं त्यांनी डॉक्टरेट केली. आजच्या वायुगतिशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्यांपैकी एक म्हणजे प्रांट्ल. परत येऊन घाटग्यांनी बंगलोरला विमानं रचली. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांचं. भारतात रचलेलं आणि मोठ्या संख्येनं बनलेलं पहिलं विमान ते. १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालेलं किरण जेटही त्यांच्याच हाताखाली झालं. पुढं सूर्यकिरण पथकानं कसरती केल्या त्या याच किरणवर. वायुदलातल्या कित्येक पिढ्या उडायला शिकल्या त्या या माणसाच्या विमानांवर, आणि खोक्यांच्या कुठल्याही यादीत त्यांच्या विमानांना तेव्हा जागा नव्हती. कोल्हापूरच्या माणसाचं विमान पुण्यातल्या घरात झालंच पाहिजे, असं आजोबांनी फर्मावलं. एचटी-२ चा ठोकळा काकांनी शिवणीच्या लाकडात केला. तो त्यांच्या हातचा सर्वांत सुबक ठोकळा आहे, असं माझं मत आहे.

१९९० च्या आसपास मोठा चुलतभाऊ अमेरिकेला गेला. पहिल्या सुट्टीत त्यानं एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. आत दोन पांढऱ्या शीट, थोडे शिशासारख्या धातूचे ओतीव भाग, एक घडी केलेला आराखडा आणि एक बारीक काच. इंग्लंडच्या रेअरप्लेन्सचं किट. काकांनी शीट उलटी-सुलटी करून पाहिली, कडांवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. गॉर्डन स्टीव्हन्स नावाच्या माणसानं चालवलेला तो उद्योग होता. खोक्यातल्यांनी सोडून दिलेली विमानं काढायचा आणि जगभरच्या नादिष्टांना पोस्टानं पाठवायचा. जर्मनीत एअरमॉडेलही असाच उद्योग. रेझिनमध्ये पुढं चेक लोकांनी आणि हाँगकाँगच्या अ‍ॅनिग्रँडनं फार काम केलं. म्हणजे आपण पेठेत जे करत होतो, तेच करणारी माणसं तिकडंही होती. काकांना आयुष्यात परदेशी जाता आलं नाही, पण त्या रात्री ते स्टीव्हन्सच्या ठोकळ्यांबद्दल अगदी फाउंड्रीतल्या सहकाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत होते. कडा किती धारदार ठेवल्यात, कुठं शीट पातळ पडलीय, तो कुठं थांबला असेल.

चांगलं पॉलियुरेथेन रेझिन आणि सिलिकॉन रबर आमच्यापर्यंत त्याच भावामुळं पोचलं. दोन बाटल्या सारख्या मापानं मिसळायच्या, थोड्याच वेळात भाग तयार. वास कमी, आकसणं नगण्य. सिलिकॉनचा साचा कोरीव रेषा इतक्या निष्ठेनं उचलतो की ठोकळ्यावरच्या लाकडाच्या रेषाही रेझिनमध्ये येतात. पण कितीही चांगलं रबर असलं तरी काही दहा-वीस ओतींनंतर फाटतं. लाकूड मात्र टिकतं.

पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात आम्ही खरं मारुत पाहिलं. मुलं त्याच्या आजूबाजूला पळत होती आणि काका चाकाच्या कप्प्याची दारं मोजायला टेप घेऊन खाली वाकले होते. आमच्या ठोकळ्यात ती दारं थोडी लांब होती, हे त्यांना तिथं कळलं. परत येऊन त्यांनी ठोकळा दुरुस्त केला. वय झालं होतं, हात पूर्वीसारखा चालत नव्हता, तरी केला. मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरलाही एक मारुत आहे आणि जर्मनीत म्यूनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात एक आहे. पुण्यामुंबईतल्या पालकांनी मुलांना त्या उद्यानात किंवा सायन्स सेंटरला नुसतं फिरवून आणू नये. मारुतच्या मधोमध आत गेलेल्या अंगावर हात ठेवून दाखवावं की हे असं का आहे.

ती पिढी आता पांगली. काका गेले, आजोबा तर फार आधीच. आत्याच्या डोळ्यांना ती वर्तुळं जमत नाहीत. स्वयंपाकघरातली शेगडी गॅसची झाली, आणि घर नव्या इमारतीत गेलं. दादा अजून शीट ओढतो. त्याचा मुलगा संगणकावर विमान रचून यंत्रावर थरा-थरानं छापतो. तेही चांगलं आहे. चेक लोकांनी आता आपलं एका बैठकीचं नॅट आणि त्याच्यावरूनच घडलेलं अजीत खोक्यात आणलं. ज्यासाठी आम्ही इतकी वर्षं वाट पाहिली ते दुकानात मागवता येतं, याचा मनापासून आनंद आहे.

पण एचटी-२ चं काय? किरणचं काय? ज्या घरांत अशी विमानं झाली, तिथल्या माळ्यांवर आणि ट्रंकांत अजून ठोकळे असतील. शिवणीचे, सागाचे, पॉलिश केलेले, एका बाजूनं सपाट. भंगारवाल्याला ते लाकडाचे तुकडे वाटतात. ते देऊ नका. सपाट बाजूला पेन्सिलीनं विमानाचं नाव, प्रमाण आणि कुठल्या जाडीच्या शीटसाठी केलाय ते लिहून ठेवा, कारण ती जाडी माहीत नसेल तर पुढच्या माणसाचं माप चुकतं. आणि नव्यानं कुणाला सुरुवात करायची असेल तर मारुत घेऊ नका, त्याचं धड पहिल्या हाताला जमत नाही. एचटी-२ घ्या. पंख पंधरा सेंटिमीटरचे, चाकं बाहेरच असतात, आत घ्यायचा प्रश्न नाही, आणि आराखडा सरळ आहे. पहिल्या विमानासाठी घाटग्यांच्या विमानापेक्षा चांगलं विमान मला माहीत नाही.